घाटकोपरच्या दोन वस्त्या आणि शाहिराचे स्टेज

रेल्वेने घाटकोपरचे दोन तुकडे केले आहेत. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या अंगाला चिरागनगर. पूर्वेला द्रुतगती महामार्गाला खेटून माता रमाबाई आंबेडकर नगर. एका वस्तीतून दुसरीत जायचे तर स्टेशनचा पूल ओलांडून रिक्षा करावी, बस्स. पण आपल्या शाहिरांची अर्धी कहाणी एवढ्याशा अंतरात सामावली आहे.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही उभयता आणि धाकटी लेक असे तिघे या वाटेने फिरलो. जयंतीचा दिवस होऊन गेला होता, पण वाचकांना ठाऊक आहेच की आपली जयंती एका दिवसात संपत नाही. एप्रिल सरून मे लागला तरी वस्त्यावस्त्यांतून मांडव उभे असतात. निघण्यामागे कारणही होते. आमच्या चाळीत एक वाद बरेच दिवस धुमसतो आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यपालनियुक्त आमदारांसाठी सरकारने जी बारा नावे पाठवली, त्यांत राष्ट्रवादी काँग्रेसच्या वतीने गायक आनंद शिंदे यांचे नाव होते. ती यादी मंजूर झाली नाही ती नाहीच. पण चाळीत तेव्हा दोन तट पडले ते पडलेच. एक म्हणे, "आपला गाणारा सभागृहात बसतोय, पेढे वाटा." दुसरा म्हणे, "पक्षाच्या स्टेजवर चढला की गळा त्यांचा झाला." अजूनही निवडणुकीचा भोंगा गल्लीत शिरला आणि त्यात ओळखीचा आवाज ऐकू आला, की हा तंटा नव्याने पेटतो.

चिरागनगरात आम्ही दुपारी पोहोचलो. मासळी बाजाराची गर्दी, अरुंद बोळ, डोक्यावर वायरींचे जाळे. अण्णा भाऊ साठे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे इथल्या झोपडीत काढली. 'चिरागनगरची भुतं' या नावाचे त्यांचे पुस्तकच आहे. 1961 साली हा माणूस रशिया पाहून आला, त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले, आणि परत आला तो याच बोळात.

अण्णा भाऊ हे राजकीय स्टेजवरचेच कलावंत होते, हे आपण आज विसरतो. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. नावातच झेंडा! कम्युनिस्ट पक्षाच्या सभा, गिरणी कामगारांचे संप, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. पुढाऱ्याचे भाषण सुरू होण्याआधी यांची डफ-तुणतुण्याची साथ लागे आणि मैदान गच्च भरे. मुंबई सरकारने या पथकावर बंदीसुद्धा घातली होती. सरकारला भाषणापेक्षा गाण्याची भीती जास्त वाटली असावी.

आता यातली खोच पाहा. बाबासाहेबांचे आणि कम्युनिस्टांचे पटत नव्हते, हे आपल्या घरातल्या पोरालाही माहीत असते. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अण्णा भाऊ 'त्यांच्या' स्टेजवरचे. तरी 1959 मध्ये 'फकिरा' कादंबरी आली ती बाबासाहेबांना अर्पण केलेली होती. आणि भीमरावांवर त्यांनी लिहिलेले ते प्रसिद्ध गाणे आज निळ्या झेंड्याखाली कोणत्या जयंतीला होत नाही? लिहिणाऱ्याचा बावटा लाल होता म्हणून कोणी ते गाणे परत केले नाही.

बोळाच्या तोंडाशी बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. जयभीम घातला, त्यांनीही घेतला. आम्ही विचारले, "बाबा, तुमच्या तरुणपणी शाहीर कोणत्या पक्षाचा, हे बघत होता का?" ते हसले. म्हणाले, "बघत होतो की. पण तो आमच्याच संपात उपाशी असायचा. आमच्याबरोबर उपाशी असलेल्याला काय विचारायचं?"

हे वाक्य घेऊनच आम्ही पूल चढलो. मेट्रो 2014 साली सुरू झाल्यापासून घाटकोपर स्टेशनात शिरणे म्हणजे यात्रेत शिरणे. लेकीचा हात घट्ट धरून पलीकडे उतरलो, रिक्षा केली.

रमाबाई नगरात आम्ही पूर्वीही गेलो आहोत, पण महामार्गाकडून पुतळ्यासमोर आले की दर वेळी पाऊल थांबते. 11 जुलै 1997 च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि दहा जण गेले. 2009 मध्ये न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला. शहिदांच्या स्मारकाला वंदन करून लेकीला आम्ही हे सारे सांगितले. तिने एवढेच विचारले, "त्यांच्यात शाळेतलं कोणी होतं का?" आम्ही काही बोललो नाही.

वस्तीत आता पुनर्विकासाचे वारे आहे. पुढल्या काही वर्षांत इथे काय उरेल आणि काय उंच होईल, हाच कट्ट्याकट्ट्यावरचा विषय. आम्ही मात्र विलास घोगरे यांच्याबद्दल विचारत फिरत होतो.

विलास घोगरे हे शाहीर. राहायला मुलुंडला, झोपडपट्टीत. आव्हान नाट्य मंच या डाव्या कलापथकात त्यांनी उमेदीची वर्षे घातली. झोपड्या पाडण्याविरुद्धच्या लढ्यात गायले. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या 'हमारा शहर' या चित्रपटात त्यांचा आवाज आहे. 11 जुलैला ते मुलुंडहून इथे आले, जे झाले ते डोळ्यांनी पाहिले, आणि चार दिवसांनी, 15 जुलैला, आपल्या घरात त्यांनी जीवन संपवले. जाताना कपाळाला निळे फडके बांधले होते. पटवर्धनांनी तिथून धागा धरून चौदा वर्षे चित्रीकरण केले. 'जय भीम कॉम्रेड' 2011 मध्ये पुरा झाला आणि कामगार वस्त्यांतून उघड्यावर पडदा लावून दाखवला गेला. ज्या पथकासाठी घोगरे झिजले त्यातून त्यांना शेवटच्या काळात बाहेर व्हावे लागले होते, ही गोष्टही त्यात येते.

ही गोष्ट आम्हाला गोळीबाराइतकीच लागते. गाणाऱ्याची निष्ठा तपासायला आपण सारे तयार. लाल म्हणतो निळा झाला, निळा म्हणतो लाल झाला. घरात चूल पेटली का, हे विचारायला यातले कितीजण जातात?

जुन्या जलशांची गोष्ट वेगळी होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचे जलसे चळवळीच्या पोटातून निघाले होते. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण जुनी माणसे आजही सांगतात. तिथे स्टेज वेगळे आणि गाणारा वेगळा असा प्रश्नच नव्हता. वस्तीत जायचे, कोणाच्या तरी ओसरीवर भाकरी खायची, रात्रभर जलसा करायचा. पुढे रिपब्लिकन पक्षाचे गट पडत गेले तसा पेच आला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांची गाणी मात्र साऱ्याच गटांच्या सभांतून होत राहिली. फुटीबद्दल पुढाऱ्यांना झोडपणारी गाणीसुद्धा. पुढारी समोर बसून ती ऐकत, टाळ्याही वाजवत. पुढाऱ्यांची कातडी फार जाड असते!

आणि विठ्ठल उमपांचे भाग्य किती जणांना लाभते? 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, स्टेजवरच जयभीम म्हणून ते कोसळले.

संध्याकाळी महामार्गालगतच्या एका वस्तीत कार्यक्रम होता. चहा-भजी उरकून आम्ही पुढे सतरंजीवर जागा धरली. बायका लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या, मागे तरुण मुले उभी. पेटी, ढोलकी, बेंजो, एक कीबोर्ड आणि मागे कोरसच्या दोन मुली. स्टेजवर बाबासाहेबांची आणि तथागतांची प्रतिमा. आणि त्या दोन्हींच्या मिळून दुप्पट मोठा असा एका 'साहेबां'चा फलक. खर्च त्यांचा होता. नाव, पक्ष सांगत नाही. सांगून उपयोग नाही, कारण पुढच्या गल्लीत दुसरे साहेब होते.

गायकाने वंदना घेतली, पहिल्याच गाण्याला मैदान हलवले. शेजारची आजी सुरकुतल्या हाताने ताल धरत होती. मग साहेब आले. फटाके झाले. गायकाने पेटी थांबवून माइक हातात घेतला आणि साहेबांची जी स्तुती सुरू केली ती संपेना. शेवटी तर चालत्या गाण्याच्या ओळीत भीमरावांच्या नावाजागी साहेबांचे नाव बसवले.

मागची मुले ओरडली. "ओ दादा, भीमगीत घ्या, भीमगीत!" कोणी शिट्टी मारली, दहाबारा पोरे उठून चालती झाली. एकाने बक्षिसासाठी काढलेली पन्नासची नोट सर्वांना दिसेल अशी परत खिशात घातली. आजी मात्र उठली नाही. ती शेजारणीला म्हणाली, "गाऊ दे गं. त्याचं ते झालं की आपलं गाईल."

आणि गायलाही. साहेब दहा मिनिटांत गेले. त्यानंतर गायकाने माता रमाईवरचे जे गाणे घेतले त्यात आमच्या घरच्यांच्या डोळ्यांना पदर लागला. गेलेल्या पोरांपैकी निम्मी परत येऊन मांडवाच्या कडेला उभी राहिली. नोटांची नावे पुकारली जाऊ लागली: अमक्याकडून वीस, तमक्या महिला मंडळाकडून शंभर.

मध्यंतरात आम्ही ढोलकीवाल्यांजवळ चहाचा पेला घेऊन बसलो. वयस्क माणूस, बोटांना चिकटपट्टी. त्यांनी बोटांवरच हिशेब मांडला. "एप्रिल-मे जयंती आन् बुद्धपौर्णिमा. मग धम्मचक्र दिन. सहा डिसेंबर. आन् कुठं लग्नाची हळद. बाकी दिवस काय करायचं? इलेक्शनवाला बोलावतो, आगाऊ पैसे देतो. मोबाइलवर गाणी फुकट ऐकत्यात, पयल्यासारखी कॅसेट कोन घेतंय?"

"पण लोक चिडतात ना, काका?" आमच्या घरच्यांनी विचारले.

"चिडनारच, ताई. चिडतात म्हनून तर जपून ऱ्हावं लागतं. पब्लिक गप बसलं असतं तर यानं आजून चार वळी घातल्या असत्या."

आम्हाला हे बोलणे फार मोलाचे वाटले. पोरांचा राग खरा होता. ज्या नावासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेरून मान वर केली, ते नाव काढून त्या जागी कोणा साहेबाला बसवणे हे आम्हाला मान्य नाही, पोट कितीही भुकेले असो. प्रचाराचे गाणे वेगळे गा, त्याचे पैसे घ्या, आमचे काही म्हणणे नाही. भीमगीत मोडून देऊ नका. पण उरलेली गोष्टही बोलली पाहिजे. ते स्टेज साहेबांचे का होते? कारण वस्तीने बिदागीची सोय केली नव्हती. डीजेच्या भिंतीला वर्गणी निघते. पेटी-ढोलकीचा विषय आला की म्हणतात, "साहेबांना सांगू."

कार्यक्रम रात्री उशिरा संपला. मांडवाच्या मागे मंडळाची मुले भांडत होती. एक गट म्हणत होता, पुढच्या वर्षी या गायकाला बोलवायचे नाही. दुसरा म्हणत होता, गायक हाच, फलक नको. एका मुलाने विचारले, "मग पैसे कुठून आणणार?" यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. महिला मंडळाच्या एक बाई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "घरटी महिन्याला वीस रुपये काढा आतापासून. आम्ही फिरतो वहीत नावं लिहून." मुलांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. शेवटी बाईंनी कोणाच्या तरी दप्तरातली वही ओढली आणि पहिल्या पानावर आपलेच नाव घातले.

आमचे घर त्या वस्तीत नाही. तरी आमच्या घरच्यांनी पर्स उघडली आणि दुसऱ्या ओळीत लेकीचे नाव लिहायला लावले. तोवर गायकाची मंडळी पेटी-ढोलकी रिक्षात चढवत होती. त्यांना विक्रोळीला रात्रीचा दुसरा कार्यक्रम होता.