खोटी चूक

पहिल्या गुरुवारी मी रंगीत खडूंच्या बारा पेट्या आणि फुलापानांची चित्रं छापलेले कागद घेऊन गेले होते. भवानीपूरच्या एका गल्लीतल्या जुन्या दुमजली घरात हा वृद्धाश्रम आहे. खाली लांबट दिवाणखाना, हिरव्या झडपांच्या खिडक्या, छताला संथ फिरणारे पंखे. एकोणीस जण राहतात, त्यांतले अकरा जण खाली येऊन बसले होते. मी प्रत्येकाच्या पुढ्यात एक कागद ठेवला. लहान मुलांशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, ‘‘चला, आज आपण रंगवू या.’’

कोणी काही बोललं नाही. बंगाली माणूस पाहुण्याचा अपमान सहसा करत नाही. चौघींनी खडू उचलले, दोघांनी माझ्या समाधानासाठी एखादी पाकळी रंगवली. खिडकीपाशी बसलेल्या एका आजोबांनी कागद उलटा करून माझ्याकडे परत सरकवला. हे रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, पस्तीस वर्षं पुलांचे नकाशे काढत होते. ते इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात म्हणाले, ‘‘दुसऱ्यानं काढलेल्या रेषेत मी कधी रंग भरला नाही. रेष मी काढत असे.’’

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हे कबूल करते.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीमुळे कोलकात्यात येऊन सात वर्षं झाली होती. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि गुरुवारची दुपार रिकामी झाली, म्हणून मी आश्रमात जायला लागले. जाण्याआधी एक तक्ताही केला होता. पहिल्या आठवड्यात चित्रकला, दुसऱ्यात हाउझी, तिसऱ्यात अंताक्षरी, चौथ्यात फुग्यांचे खेळ. सूचनाफलकावर तो रंगीत पेनांनी लिहून लावला. हाउझी बरी चालली, कारण तीत पाच-पाच रुपये होते. फुग्यांच्या दिवशी फक्त तिघं आली.

काही चुका लवकर कळल्या. अडीचची वेळ म्हणजे भातघुमाची. दुपारच्या भातानंतरच्या झोपेला बंगालीत स्वतंत्र शब्द आहे, आणि माझा कार्यक्रम तिच्यावरच पडत होता. मग मी चारची वेळ ठरवली, मुडी आणि चहाच्या सोबत. खुर्च्या रांगेत होत्या, म्हणजे प्रत्येकाला पुढच्याचं डोकं दिसायचं. त्या अर्धगोलात आणल्या. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना पंख्याच्या घरघरीखालून हलवलं. ज्यांना सारखं उठावं लागतं त्यांना दाराजवळची जागा दिली, म्हणजे सगळ्यांसमोरून जावं लागायचं नाही. एवढ्यानं गर्दी वाढली. पण येणारी माणसं अजूनही माझ्यासाठी येत होती. उपकार ती माझ्यावर करत होती.

हे बदललं ते एका माशीमांमुळे. त्यांना फारसं काही आठवत नसे, मुलाचं नावही कधी यायचं, कधी नाही. त्यांनी मला विचारलं, ‘‘तू कुठली ग, मा?’’ मी म्हणाले, ‘‘महाराष्ट्रातली. नागपूरची.’’

कोपऱ्यातून मास्टरमशाय म्हणाले, ‘‘नागपूर? म्हणजे बर्गी!’’

हे शाळेत इतिहास शिकवत असत. दिवाणखाना हसला. आणि माशीमा एकाएकी गाऊ लागल्या. बंगालमधल्या प्रत्येक मुलानं ऐकलेलं ते अंगाईगीत. त्यात बर्गी आहेत, पीक खाणारे पक्षी आहेत आणि सारा कुठून भरायचा ही चिंता आहे. मुलाला झोपवायचं गाणं, आणि त्यात भीती आमची.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कोणी माझ्या तोंडावर गायलं नव्हतं. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा 1741 पासून दहा वर्षं बंगालवर चालून येत राहिल्या. गावं जाळली, लुटली. आपल्या भाषेत बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा साधा स्वार, शिलेदारासारखा स्वतःचा घोडा नसलेला. बंगालीत त्याच शब्दाचा बर्गी झाला आणि पाळण्यापर्यंत पोचला. मराठे येतील म्हणून 1742 मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, मराठेही शहरापर्यंत आले नाहीत. पुढे खंदक बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. माझी बस रोज त्याच रस्त्यानं जाते.

माशीमांचं गाणं संपताच भांडण लागलं. साऱ्याच्या ओळीनंतर लसणाची ओळ येते की नाही? बाँकुड्याच्या एका दीदा म्हणाल्या, येते. बारिसालहून फाळणीत आलेल्या दुसऱ्या म्हणाल्या, आमच्याकडे कोणी असलं म्हणत नव्हतं. ड्राफ्ट्समन आजोबांनी दोघींनाही चूक ठरवलं. मी तुटक्या बंगालीत काही विचारलं तर सहा जणांनी माझं व्याकरण सुधारलं. साडेपाचला चहाचे कप उचलायला आलेल्या आयाला दारात थांबावं लागलं. फलकावर त्या दिवशी ‘अंताक्षरी’ लिहिलेलं होतं.

घरी येताना मला वाटलं, युक्ती सापडली. या लोकांना करमणूक नको आहे. चूक सुधारायला कोणीतरी हवं आहे. आयुष्यभर ज्यांनी मुलांना, सुनांना, विद्यार्थ्यांना, हाताखालच्या माणसांना ‘असं नाही, असं’ म्हटलं, त्यांना इथे आल्यापासून सगळे फक्त ‘हो, हो’ म्हणत होते. गोळी घ्या, हो. झोपा आता, हो. त्यांना विद्यार्थी हवा होता, आणि मी तर आयतीच होते.

मग मी तक्ता काढून टाकला. दर गुरुवारी एखादा विषय घेऊन जायचे आणि चुकायचे. इलिश कसा चिरायचा, पौष संक्रांतीच्या पिठ्यात नोलेन गूड कधी घालायचा, ट्राम कुठल्या कुठल्या रस्त्यांवरून जायची. ते सुधारायचे, आपसात भांडायचे, हसायचे. गर्दी पंधरापर्यंत गेली.

त्या शरदात महालया आली. त्या पहाटे चारला रेडिओवर वीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजातला ‘महिषासुरमर्दिनी’ लागतो. 1930च्या दशकापासूनचा हा रिवाज. आश्रमात दिवे सहाला लागतात. यांनी आपसात ठरवलं, व्यवस्थापकांना विचारून परवानगी घेतली, कोण कोणाला उठवणार याची यादी केली. ज्यांना झोपायचं होतं त्यांना झोपू दिलं. मला हे सगळं पुढच्या गुरुवारी कळलं. त्या वर्षीचा सर्वांत चांगला कार्यक्रम माझ्याशिवाय झाला होता. 1976 मध्ये आकाशवाणीनं भद्रांच्या जागी उत्तमकुमारला घेऊन नवा कार्यक्रम केला आणि लोकांनी कसा गदारोळ केला, हे मला त्या दिवशी चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं. लोकांच्या रागापुढे जुना कार्यक्रम परत आणावा लागला.

त्याच 1976 साली अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात त्यांनी एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा. झाड हवं का, कोणतं हवं, ते निवडा आणि त्याला पाणी तुम्ही घाला. सिनेमा कोणत्या रात्री बघायचा तेही निवडा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही झाडं दिली, पण त्यांची काळजी परिचारिका घेतील असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत, जास्त मिसळणारे दिसले. हे वाचून मी खूश झाले होते. माझी युक्ती त्याच जातीची आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

माघात एका गुरुवारी मी बोलता बोलता पाण्यासाठी ‘पान कोरबो’ म्हणाले. बंगालीत बोलताना पाणी पीत नाहीत, ‘खातात’. हे सात वर्षांत मला चांगलं माहीत झालेलं. कोणीतरी सुधारेल म्हणून मी थांबले. दोघींनी सुधारलंही. मास्टरमशायांनी चष्मा काढला.

‘‘तुमि इच्छे कोरे भूल कोरछो,’’ ते म्हणाले. मुद्दाम चुकते आहेस. ‘‘गेल्या गुरुवारी हेच तू बरोबर म्हणाली होतीस.’’

मी हसून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. ‘‘चाळीस वर्षं वर्गात उभा होतो. खोटी चूक मला ओळखता येते.’’ काठी घेऊन ते वर गेले.

बाकीच्यांनी विषय बदलला, पण मला माझी जागा दिसली. मी खडू आणि कागदच परत आणले होते, फक्त ते आता नीट झाकलेले होते. पूर्वी त्यांना मूल समजत होते, आता त्यांना कळणार नाही असं समजत होते. लँगर-रोडिन यांच्या मजल्यावर झाड खरं होतं. पाणी घातलं नाही तर ते सुकलं असतं. माझ्या चुकीला कोणाच्या पाण्याची गरज नव्हती.

पुढचे दोन गुरुवार त्यांची खुर्ची रिकामी राहिली. तिसऱ्या आठवड्यात मी वर त्यांच्या खोलीत गेले. समजूत घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. म्हणाले, ‘‘मास्टरमशाय, मी खोटं वागले.’’

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग वर्गात विचारावं तसं विचारलं, ‘‘तुला खरोखर काय येत नाही?’’

याचं उत्तर द्यायला मला लाज वाटली. सात वर्षं या शहरात राहून मला बंगाली वाचता येत नव्हतं. बस आकड्यावरून ओळखायचे, दुकान रंगावरून. बोलणं बाजारात शिकले, अक्षरं कोणी शिकवली नाहीत आणि मीही शिकले नाही.

‘‘सखाराम गणेश देउस्कर ठाऊक आहे?’’

नाव मराठी होतं, आणि मला ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं. देवघरजवळच्या करौं गावात 1869 साली जन्मलेला मराठी घरातला माणूस, बंगालीत लिहिणारा. त्याचं ‘देशेर कथा’ 1904 मध्ये आलं. इंग्रजांच्या राज्यात इथले उद्योग आणि कारागीर कसे बुडाले, याचा हिशेब त्यात मांडलेला. 1910 मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. त्याच देउस्करांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेबरोबर रवींद्रनाथांची शिवाजी-उत्सवावरची कविता छापली गेली. ‘‘बर्गीच्या देशातल्या माणसानं आम्हाला आमच्याच भाषेत आमची गोष्ट सांगितली. आणि तुला वाचता येत नाही.’’

पुढच्या गुरुवारी ते खाली आले. सोबत विद्यासागरांचं ‘वर्णपरिचय’ होतं. 1855 सालचं ते पुस्तक, आणि दिवाणखान्यातल्या प्रत्येकानं अक्षरं त्यातूनच गिरवलेली. पुस्तक दिसताच चेहरे बदलले. त्यातला गोपाळ शहाणा, राखाल वाह्यात. तू कोण होतीस, गोपाळ की राखाल, असं ते एकमेकांना विचारू लागले. बारिसालच्या दीदा म्हणाल्या, मी राखाल, आणि अजूनही.

आता कामं त्यांनीच वाटून घेतली आहेत. पुस्तकातली अक्षरं मागच्या खुर्च्यांवरून दिसत नाहीत, म्हणून ड्राफ्ट्समन आजोबा मोठ्या कागदावर पट्टी लावून अक्षरं काढून आणतात. हात थरथरतो. रेष वाकली तर कागद फाडून दुसरा घेतात. एका माशीमांना दिसत नाही, त्या फक्त माझे उच्चार ऐकतात, त्यांच्यापासून काही सुटत नाही. बाँकुड्याच्या दीदा वेळ सांभाळतात. ज्यांना यायचं नसतं ते येत नाहीत, त्यांना बोलवायला मी आता वर जात नाही. मास्टरमशाय मात्र मुद्दाम जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं वाचतात, कारण वर अंथरुणावर असलेल्यांचीही दारं उघडी असतात.

गाणाऱ्या माशीमा चैत्रात गेल्या. मला वाटलं, त्या गुरुवारी काही घेऊ नये. माझं मत कोणी विचारलं नाही. मी पोचले तेव्हा खुर्च्या लागल्या होत्या, त्यांची खुर्ची होती तिथेच होती. आधी दोघींनी ते अंगाईगीत म्हटलं, या वेळी लसणाच्या ओळीसकट. बारिसालच्या दीदांनी हरकत घेतली नाही. मग मास्टरमशाय म्हणाले, ‘‘पान अकरा.’’

मागच्या आठवड्यात गेले तेव्हा सूचनाफलकावर, जिथे माझा रंगीत तक्ता असायचा तिथे, ड्राफ्ट्समन आजोबांच्या अक्षरात एक कागद होता. मी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. गुरुवार, चार वाजता. बर्गीर परीक्षा.

‘‘पोरिक्खा!’’ मागून तीन आवाज एकदम आले.

ही चूक खरी होती.