कात्रज ते सिंहगड : एक अपुरी सहल

सहलीचे वर्णन लिहावयाचे म्हटले म्हणजे लेखक बहुधा गडाच्या माथ्यावर उभा असतो व तेथूनच वाचकांस चोहोकडचा देखावा दाखवीत असतो. माझ्या या सहलीत माथा नाही. ज्या सिंहगडासाठी आम्ही घरून निघालो, त्या गडास त्या दिवशी आमचे पाय लागलेच नाहीत. तरीही ती हकीकत वार्षिक अंकासाठी लिहून देण्याचे धाडस मी करीत आहे.

पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याचे एक भाग्य असे की, डोंगर पाहण्यास त्याला घरच्या मोटारीची गरज पडत नाही. शहराची एक बस खडकवासल्यावरून थेट सिंहगडाच्या पायथ्याशी नेऊन सोडते. दुसरी कात्रजचा जुना घाट चढून जुन्या बोगद्यापाशी उतरवते. या दोन ठिकाणांच्या मध्ये भुलेश्वर रांगेचा जो भाग पसरला आहे, त्याच्या माथ्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत गेल्यास सुमारे पंधरा-सोळा किलोमीटरांची वाट होते. स्वतःचे वाहन घेऊन जाणाऱ्यास ते जेथे उभे केले असेल तेथेच परत यावे लागते. दाव्याला बांधलेल्या गुरासारखी त्याची स्थिती असते. बसने जाणारा मात्र एका गावी उतरून डोंगर चढतो व दुसऱ्याच गावी उतरून घरची वाट धरतो. ही मौज माझ्या मनात इतकी भरली की, दिवाळीच्या सुटीपूर्वीच मी वर्गात जाहीर करून टाकले, "आम्ही एका दिवसात कात्रजहून सिंहगड गाठणार!"

बाबांनी परवानगी दिली. आईने दोन अटी घातल्या: दिवेलागणीपूर्वी घरी यावयाचे, आणि इयत्ता सहावीत शिकणाऱ्या माझ्या धाकट्या भावास बरोबर न्यावयाचे. "तो तुझ्या भरवशावर येतो आहे, हे विसरू नकोस," एवढेच ती म्हणाली. माझा एक वर्गमित्र धरून आम्ही तिघे झालो.

सकाळी स्वारगेटवर बस मिळाली. जुन्या बोगद्याची तीन तिकिटे मागताच कंडक्टरकाकांनी आमच्या पिशव्यांकडे पाहिले व विचारले, "डोंगरानं जाणार ना? पाणी भरपूर घेतलंय का?" मी ऐटीने तीन बाटल्या दाखविल्या. त्यांनी काही न बोलता मान हलविली. त्या मान हलविण्याचा अर्थ मला दुपारी कळला.

बोगद्याजवळील वाघजाईच्या देवळाशेजारून वाट वर चढते. पहिली चढण संपताच जो देखावा दिसला त्याने श्रमाचा विसर पडला. उजव्या हातास धुक्यात बुडालेले अफाट पुणे, डाव्या हातास शिवगंगेच्या खोऱ्यातील शेते, आणि समोर एकामागून एक उभ्या असलेल्या टेकड्या. भूगोलाच्या पुस्तकातील 'जलविभाजक' हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता; तो येथे माझ्या पायांखाली होता. या कण्याच्या उत्तरेस पडलेले पावसाचे पाणी मुठेला मिळते, दक्षिणेस पडलेले शिवगंगेतून गुंजवणीत व पुढे नीरेत जाते. आणि दोन्ही पाणी शेवटी नीरा-नरसिंगपूर येथे भीमेच्या पात्रात एक होते. एकाच टेकडीवर ताटातूट झालेले दोन थेंब इतक्या दूरवर पुन्हा भेटतात, हे भावास सांगताना मला मोठेपणा वाटला. तो मात्र म्हणाला, "दादा, मग इथं वर पाणी कुठं आहे?"

त्याचा प्रश्न माझ्यापेक्षा शहाणपणाचा होता. पाणी दोहों बाजूंस वाहून जाते, म्हणूनच माथ्यावर ते राहत नाही. वाटेत झरा नाही, सावलीही फारशी नाही. एक टेकडी चढावी व लगेच तितकेच खाली उतरावे, असा क्रम चालू राहतो. उतारावर वाळलेले गवत व सुटा मुरूम. पाय ठेवावा तो सरकतो. जेथे घसारा अधिक होता तेथे आम्ही अक्षरशः बसून उतरलो. निम्मी वाट सरण्यापूर्वीच दोन बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या.

दुपार झाली. समोर सिंहगड स्पष्ट दिसू लागला, त्यावरील दूरदर्शनचा मनोराही ओळखू आला. माझा उत्साह दुणावला. इतक्यात मागे वळून पाहतो तो भाऊ एका झुडपाच्या तुटपुंज्या सावलीत खाली बसलेला. तोंड लाल झालेले, ओठ सुकलेले. तिसरी बाटली त्याच्याच पिशवीत होती. ती उघडून पाहिली, पाऊण भरलेली. "तू प्यायला नाहीस?" मी विचारले. तो म्हणाला, "तुम्हांला गडापर्यंत पुरावं म्हणून ठेवलं."

वाचकहो, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती अजून ओसरलेली नाही. मी त्यास पाणी पाजले. तरीही, खरे सांगावयाचे तर, माझे मन परत फिरण्यास तयार होईना. मित्र म्हणाला, "आता सोडायचं? वर्गात काय सांगणार? तानाजी मालुसरे मागे फिरले होते का?" ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीचे वर्णन आम्ही इतिहासाच्या तासाला ऐकले होते, म्हणून त्याचे बोलणे मला प्रथम पटलेही. भाऊ उठून उभा राहिला व म्हणाला, "चल दादा, मी येतो." परंतु उभे राहताना त्याचा हात माझ्या खांद्यावर जो पडला तो आधारासाठी पडला. तानाजींपुढे स्वराज्याचे कार्य होते. माझ्यापुढे केवळ माझीच फुशारकी होती, आणि तिची किंमत भाऊ देत होता.

"आपण इथूनच खाली उतरायचं," मी म्हणालो.

दक्षिणेकडे खाली एक वाडी दिसत होती व तिच्या पलीकडून खेड शिवापूरकडे जाणारा रस्ता. गुरांच्या पायवाटेने सावकाश उतरत आम्ही वाडीत पोहोचलो. एका घराच्या ओट्यावर शेंगा निवडीत बसलेल्या आजींनी आम्हांस पाहताच आत जाऊन तांब्या आणला. "अरं पोरांनो, एवढ्या उन्हाचं डोंगरावर काय काढलंय?" असे रागावत त्यांनी भावास आधी दिले, व त्याने घाईने तोंडास लावताच म्हणाल्या, "घोट घोट पी, बाळा. पाणी कुठं पळून जात नाही." निघताना त्यांनी त्याच्या खिशात मूठभर शेंगा घातल्या. रस्त्यावर पोहोचून काही वेळ थांबतो तोच कोंढणपूरकडून बस आली.

बसमध्ये भाऊ माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपला. दिवेलागणीपूर्वी आम्ही घरी होतो. मी घडले ते सर्व सांगितले. बाबांनी विचारले, "मग सिंहगड राहिला?" मी काही बोलण्यापूर्वीच भाऊ उत्तरला, "राहिला नाही बाबा, तिथंच आहे. पुढच्या वेळी जाऊ." शाळा उघडल्यावर वर्गात थोडी थट्टा झाली; ती मी ऐकून घेतली.

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिबंधुभगिनींस माझे एवढेच सांगणे आहे : पाणी माणशी निदान तीन-चार लिटर घ्यावे, पहाटे लवकर निघावे, वडीलधारे कोणी बरोबर असल्यास उत्तम, परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवावी, कारण बस कोणासाठी थांबत नाही. आणि रांगेच्या पायथ्याच्या कोणत्या गावास बस जाते हेही पाहून ठेवावे. मी ज्या मौजेसाठी बसने गेलो होतो तीच शेवटी आमच्या उपयोगी पडली. बसने जाणाऱ्यास कोठेही उतरून घरी येता येते. मात्र उतरावयाचे कधी, हे त्याचे त्यानेच ठरवावे लागते.

— इयत्ता नववीतील एक विद्यार्थी