पंधरा, सोळा की सतरा?

आमच्या टोळक्यात कुणी नवा माणूस आला की त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंधरा, सोळा की सतरा? ज्याला संदर्भ लागत नाही त्याला नुसता चहा मिळतो. ज्याला लागतो, त्याची पुढचे दोन-तीन तास सुटका नाही.

ऑगस्ट १९७२. ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पल जपानात. पंधरा आणि सोळा तारखेला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, सतराला टोकियोचं बुडोकान. तीन रात्री, तेच पाच जण, जवळपास तीच गाणी. त्यांतून निवडलेल्या सात गाण्यांचा जोडतबकडीचा संच म्हणजे ‘मेड इन जपान’. चार गाणी सोळाची, दोन सतराची, आणि पंधराचं एकच: ‘स्मोक ऑन द वॉटर’. गिटारवादक ब्लॅकमोरने सुरुवातीची ती जगप्रसिद्ध ओळ नेमकी त्याच रात्री सरळ वाजवली, म्हणून ते घेतलं असं सांगतात. बाकी दोन्ही रात्री साहेब लहरीत होते.

जमतो आम्ही डोंबिवलीत, हार्डवेअरचं दुकान असलेल्या मित्राच्या माडीवर. रविवारी खाली शटर ओढलेलं असतं, शेजारी गोदाम आहे, त्यामुळे आवाज कितीही वाढवा, कुणी बेल वाजवायला येत नाही. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, एक बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, मी, आणि अधूनमधून दुकानदाराचा पुतण्या. तो येतो वड्यांसाठी, पण हल्ली मतंही द्यायला लागलाय.

या संचाची माझी पहिली ओळख अर्धवट झाली, आणि ती शब्दशः अर्धवट. कॉलेजात असताना परदेशी तबकड्या विकत घेण्याची ऐपत कुणाची नव्हती. कॅसेट भरून देणारी दुकानं होती. तिथे कोरी कॅसेट आणि थोडे पैसे दिले की दोन दिवसांनी माल हातात. मी साठची कॅसेट दिली होती, कारण नव्वदची महाग. आता हिशेब करा. पहिली तबकडी छत्तीस मिनिटांची, दुसरी चाळीसच्या वर. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. म्हणजे ‘द म्यूल’मध्ये इयन पेसचं ड्रमवादन कुठे रंगात येतंय, तोच खट्ट. कॅसेट उलटवायची. दुसऱ्या बाजूला ‘स्पेस ट्रकिन’ निम्म्यावर आलं की पुन्हा खट्ट. त्यामुळे ‘स्पेस ट्रकिन’ हे गाणं माझ्या डोक्यात कित्येक वर्षं मध्येच थांबणारं गाणं होतं. पुढे दुबईला असलेल्या मामेभावाने सीडी आणली, तेव्हा मला उरलेली दहा मिनिटं मिळाली.

आणि ती दहा मिनिटं म्हणजेच खरा ऐवज! स्टुडिओतलं ‘स्पेस ट्रकिन’ साडेचार मिनिटांचं खटकेबाज गाणं आहे. ओसाकात ते वीस मिनिटांचं होतं. शब्द लवकर संपतात आणि जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गनचा ताबा घेतो. हा ऑर्गन मूळचा चर्चमध्ये आणि जॅझच्या क्लबात वाजणारा; लॉर्डने तो गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरला जोडला. त्यामुळे त्याचा सूर फाटतो, गुरगुरतो, आणि दोन हातांनी वाजणारं ते भलंमोठं लाकडी खोकं गिटारशी बरोबरीने भांडू शकतं. मध्येच तो होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला गुरू ग्रहाचा भव्य सूर काढतो, दोन क्षण खेळवतो आणि सोडून देतो. मग सगळं शांत होतं. ब्लॅकमोर गिटारच्या आवाजाचं बटण करंगळीने फिरवत सूर असे फुगवतो की तार छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही. ऐकणाऱ्याला चेलो वाटावा. तिथून पुन्हा चढत चढत शेवटी जो गदारोळ होतो, तो त्यांच्या १९६८ सालच्या ‘मॅन्ड्रेक रूट’मधून उचललेला. म्हणजे एका गाण्याच्या पोटात तीन-चार गाणी. हे रोज रात्री नव्याने जुळवायचं, कुठे वळायचं ते नजरेने ठरवायचं. तुलना करायला जागा आहे ती इथे. शब्द तर तिन्ही रात्री तेच.

ख्याल ऐकणाऱ्या घरात वाढलेल्याला यात नवं काही नाही. माझे काका एकाच गायकाचा एकच राग चार वेगवेगळ्या मैफलींतला ऐकवायचे आणि ‘आता सांग, कुठल्या दिवशी गळा तापला होता?’ असं विचारायचे. आम्ही डोंबिवलीच्या माडीवर तेच करतो, फक्त तानपुऱ्याऐवजी मार्शल.

१९९३ साली तिन्ही रात्रींचा बहुतेक ऐवज तीन सीड्यांच्या संचात बाहेर आला, आणि २०१४ साली तर अगदी तिन्ही कार्यक्रम. तेव्हापासून आमच्या भांडणांना कागदपत्रांचा आधार मिळाला. त्याआधी सगळा ऐकीव मामला होता. दुकानदार मित्राने एक खेळ काढलाय. तो पाठमोरा बसतो, एकच गाणं तीन रात्रींचं कुठल्याही क्रमाने लावतो, आणि आम्ही तारीख सांगायची. बँकवाला बहुतेक वेळा बरोबर सांगतो. गाण्यापेक्षा त्याचं लक्ष गाण्यांच्या मधल्या बोलण्याकडे जास्त असतं; माइकची खरखर, टाळ्यांचा पोत, कुणीतरी तार जुळवतोय ते. ‘गाणं सगळेच ऐकतात’ असं वर म्हणतो. डॉक्टर पेसच्या झांजांवरून ओळखायचा प्रयत्न करतो आणि हमखास चुकतो, पण आत्मविश्वास भूल देण्याइतका पक्का.

मी सोळा तारखेचा माणूस. कारण ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’. त्यात मध्ये गिटार आणि गळा यांचे सवाल-जवाब आहेत. ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गायक गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो. ब्लॅकमोर अवघड करत जातो, गिलन मागे हटत नाही. शेवटी गिटार थांबते आणि गिलन एकच किंकाळी अशी काही धरून ठेवतो की आपणच श्वास रोखतो. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. टोकियोचा कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांनी सत्तावीस पूर्ण झाले. आणि त्या दौऱ्यातलं आपलं गाणं त्याला स्वतःला पसंत नव्हतं! पाचही जणांना या ध्वनिमुद्रणाची विशेष पडलेलीच नव्हती म्हणा. कल्पना त्यांच्या जपानी कंपनीची. तबकडी फक्त जपानपुरती निघायची होती. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च आठ ट्रॅकचं यंत्र घेऊन बसला. नंतर मिश्रणाच्या वेळी हजर राहिले ते फक्त बेसवादक रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस. म्हणजे पंधरा-सोळा-सतराचा हा वाद सगळ्यात आधी घातला तो त्या दोघांनी, आणि मला वाटतं फार भावुक न होता घातला. त्यांची निवड आजही मोडता येत नाही. पूर्ण तीन रात्री ऐकून झाल्यावर मी सातपैकी एकही गाणं बदलणार नाही. ‘लेझी’ टोकियोचंच हवं. त्यात ब्लॅकमोर मध्येच एका स्वीडिश सुरावटीला असा काही डोळा मारतो की हसू येतं.

अर्थात माडीवर जपानच्या बाहेरचेही पक्ष आहेत. डॉक्टर स्टॉकहोमवाला. १२ नोव्हेंबर १९७०, स्वीडिश रेडिओने मुद्रित केलेला कार्यक्रम, १९८८ साली ‘स्कँडिनेव्हियन नाइट्स’ नावाने निघाला. त्यात ‘रिंग दॅट नेक’ अर्ध्या तासाच्या आसपास चालतं. डॉक्टरचं म्हणणं, जपानपर्यंत ही मंडळी सराईत झाली होती. स्टॉकहोमला त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं पुढे काय येणार. मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धा तास ‘रिंग दॅट नेक’ ऐकायला भूलतज्ज्ञाचीच चिकाटी लागते. पुतण्याला १९७४ सालचा कॅलिफोर्निया जॅम महोत्सवातला कार्यक्रम आवडतो, कारण त्याचं चित्रण आहे आणि त्यात ब्लॅकमोर गिटारने कॅमेरा फोडतो. यावर चर्चा काय करणार!

खरी वादावादी होते ती आमच्या घरच्या कार्यक्रमावरून. ८ एप्रिल १९९५, अंधेरीचं क्रीडासंकुल. डीप पर्पल मुंबईत आली होती. ब्लॅकमोर १९९३च्या शेवटी सोडून गेलेला, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स येऊन काही महिनेच झालेले. आम्ही डोंबिवलीहून दुपारीच निघालो, दादरला गाडी बदलून अंधेरी, तिथून चालत. आत घुसल्यावर जागा धरून बसलो आणि अंधार पडेपर्यंत उकाड्यात शिजलो. आजूबाजूला शिलाँगपासून पुण्यापर्यंतची पोरं होती. पेसने ड्रमवर पहिली काठी टाकली तेव्हा माझ्या शेजारचा दाढीवाला चक्क रडत होता. त्या रात्री आम्ही ‘केन द मेकॅनिक’ नावाचं एक कोरं गाणं ऐकलं. पुढच्या वर्षी ‘पर्पेन्डिक्युलर’ संचात ते आलं तेव्हा केनचा टेड झाला होता. म्हणजे त्या गाण्याचं बारसं व्हायच्या आधी मुंबईने ते ऐकलं.

आणि ‘चाइल्ड इन टाइम’. त्याची सुरावट मुळात सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या १९६९ सालच्या व्हायोलिनप्रधान तुकड्यावरून आलेली. डीप पर्पलने तिची गती उतरवली आणि गळ्यासाठी आभाळ मोकळं केलं. त्या मूळ तुकड्याचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. मुंबईच्या हाकेवर बेतलेलं गाणं पंचवीस वर्षांनी मुंबईत येऊन वाजलं, हे मैदानातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. मला तेव्हा नव्हतं. त्या कार्यक्रमाचं ध्वनिचित्रमुद्रण नंतर निघालं तेही ‘बॉम्बे कॉलिंग’ याच नावाने.

आता ते ओसाकाशेजारी लावून ऐकायचं. बँकवाला त्या दिवशी अंधेरीला नव्हता, बहिणीचं लग्न होतं. तेव्हापासून तो मुंबईच्या ध्वनिमुद्रणावर खार खाऊन आहे असा आमचा समज. पण तो म्हणतो ते खरं आहे. गिलन एकोणपन्नास वर्षांचा होता, आणि ‘चाइल्ड इन टाइम’च्या वरच्या सुरांत ते ऐकू येतं. मोर्स सुंदर वाजवतो, पण अजून पाहुण्यासारखा जपून वाजवतो. लॉर्डला मैदानात उघड्यावर तो ओसाकाचा बंदिस्त घुमारा मिळत नाही. मी तिथे होतो, माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तरीही मी मुंबईला ओसाकाच्या खूप खाली ठेवतो. आपण हजर होतो याचे गुण ध्वनिमुद्रणाला द्यायचे नाहीत, हा आमच्या माडीचा नियम आहे आणि तो मी पाळतो. दुकानदार पाळत नाही. तो मुंबईचं लावतो तेव्हा आवाज दोन घरं जास्त वाढवतो.

मात्र एका बाबतीत मी त्याच्या बाजूचा. जे अधिकृतपणे निघालं ते रंगमंचाच्या बाजूचं आहे. वाद्यं स्वच्छ, गर्दी लांब. ओसाकाच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची निम्मी गंमत त्या सुरुवातीच्या ओळीवर ताल धरणाऱ्या जपानी टाळ्यांत आहे. अंधेरीला त्याच ओळीवर हजारो पोरांनी जो गलका केला, तो मला कुठल्याच मुद्रणात तसा सापडत नाही. रसिकांच्या जगात यावरून कायमचे दोन तट आहेत: एक म्हणतो रंगमंचाच्या साउंडबोर्डवरून घेतलेलंच खरं, दुसरा म्हणतो गर्दीत उभं राहून चोरून टिपलेलंच जिवंत. याच बँडच्या १९७० सालच्या आखेनच्या कार्यक्रमाची ‘एच बॉम्ब’ नावाची चोरटी तबकडी असाच कुणीतरी गर्दीतून टिपलेला ऐवज होती, आणि अशा चोरट्या तबकड्यांमुळेही अधिकृत मुद्रणाची गरज पटायला मदत झाली.

म्हणून ही विनंती. ८ एप्रिल १९९५ला अंधेरीच्या मैदानात कुणी खिशात छोटा टेपरेकॉर्डर घेऊन गेलं असेल, आणि ती कॅसेट अजून एखाद्या माळ्यावरच्या पेटीत पडली असेल, तर ती टाकून देऊ नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. वाजवूनही बघू नका. जुनी फीत डेकमध्ये अडकते. आधी आम्हाला कळवा. चालू डेक, साफ केलेलं हेड आणि बटाटेवडे आमच्याकडे आहेत. नव्वदची असेल तर उत्तम, साठची असली तरी चालेल.