झिरपलेले उत्तर



रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही शोमरोनी स्त्रीची गोष्ट घेतली होती. “ती भर दुपारी एकटीच पाण्याला का आली असेल?” असे मुलांना विचारले. मागच्या बाकावरच्या मुलाने लगेच मोबाईल काढून उत्तर वाचून दाखवले. उत्तर ठीक होते. पण त्यानंतर एकही हात वर झाला नाही. पुढच्या रविवारी तोच प्रश्न विचारला, तर तो मुलगाही गप्प!

मुलांना काय बोलावे? आमचेही तेच आहे.

गेल्या प्रायश्चित्तकाळात आम्ही एका मावशींच्या घरी प्रार्थनेला गेलो होतो. त्या पावरलूमवर काम करतात. त्यांचा तरुण मुलगा आजारपणात गेला होता. जपमाळ संपल्यावर त्यांनी विचारले, “भाऊ, माझी प्रार्थना कमी पडली का?” असे काही विचारतील म्हणून आम्ही येतानाच मोबाईलवर शोधून ठेवले होते. तीन मुद्दे सांगितले. मावशींनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “हे वाचलेलं झालं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

आमच्याजवळ काहीच नव्हते. तो प्रश्न आम्ही एक रात्रही उशाशी घेतला नव्हता. शेवटी म्हणालो, “माहीत नाही, मावशी.” त्या उठल्या आणि आमच्यासाठी चहा ठेवला.

घरी येऊन ईयोबाचे पुस्तक उघडले. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तयार उत्तरे द्यायला सुरुवात केली, आणि देवाचा राग ओढवून घेतला.

आपल्या बुऱ्हाणपुरात लालबागकडे कुंडी भंडारा आहे. १६१५ साली अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात तो बांधला गेला. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, झिरपत तापीकडे निघतो. ते पाणी भुयारात अडवून, एकाला एक जोडलेल्या कुंड्यांमधून उताराने शहराकडे आणले. पंप नाही, चाक नाही. चारशे वर्षे झाली, पाणी अजून वाहते आहे. डोंगरावरून धावत सुटणारे पाणी मात्र पावसाळ्याबरोबर संपते. उथळ पाण्याला खळखळाट फार!

ज्ञानाचेही असेच आहे. पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबल आणायचे ठरवले, तेव्हा त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अनेक वर्षे शब्दाशब्दाशी बसल्या. १९२२ साली त्या प्रभूघरी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून आले. स्वतःच्या हाती ते ग्रंथरूपात पडले नाही, पण काम मुरलेले होते.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आणि प्रश्न विचारतो. त्याचे बोलणे मरियेला समजले नाही, असे शुभवर्तमान स्पष्ट सांगते. तरी तिने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. न समजलेलेही जपता येते, हे आपण आपल्या या आईकडून शिकावे.

मोबाईल वाईट नाही. रोजची वाचने आम्हीही त्यावरच पाहतो. पण आता वर्गात एक नियम केला आहे. प्रश्न रविवारी द्यायचा, आठवडाभर तो घरी राहू द्यायचा. आधी अध्याय वाचायचा, आजी-आजोबांना विचारायचे, मग हवे तर मोबाईल. परवा एक मुलगी म्हणाली, “सर, ती लोकांच्या बोलण्याला घाबरत असेल. माझी आईपण कधीकधी नळावर उशिरा जाते.” सगळा वर्ग गप्प झाला.

मावशींकडे आम्ही अजूनही जातो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही. पण आता तो प्रश्न आमचाही आहे, आणि आम्ही तो मिळून प्रभूपुढे ठेवतो.

हे प्रभो, आम्हाला उत्तरांची घाई नको, तुझ्या विहिरीपाशी थांबण्याचा धीर दे. आमेन.