वाण आणि नाव

पिंजौरची बाग वरून खाली उतरत जाते. काश्मीरच्या मोगल बागांत शिरणारा माणूस एकेक मजला चढत जातो आणि पाणी त्याच्या सामोरे येते. येथे तो सर्वांत उंच मजल्यावरच पाऊल ठेवतो आणि पाण्याच्या सोबतीने सात मजले उतरतो. सतराव्या शतकात औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाईखान याने शिवालिकच्या पायथ्याशी ही बाग घडविली. आसपासच्या डोंगरी राजांना मोगल सरदाराचा हा शेजार रुचला नाही. त्यांनी गलगंड झालेल्या स्त्रिया त्याच्या जनानखान्यात पाठविल्या आणि येथल्या पाण्यानेच गळे असे सुजतात अशी हूल उठविली, तेव्हा खानाने बाग सोडली, अशी आख्यायिका आहे. तिचे खरेखोटे कसेही असो, बाग मागे राहिली आणि ती घडविणाऱ्याचे नाव तिच्यावरून उतरले. पुढे ती पतियाळा संस्थानाकडे गेली, आणि आज ती पतियाळाच्या यादवींद्रसिंह महाराजांच्या नावाने ओळखली जाते.

बाग घडविणे निराळे आणि फूल घडविणे निराळे. बागेला मुलूख लागतो, पाणी लागते, सत्ता लागते. फूल घडविणाऱ्याला उत्तरेकडची एक खिडकी पुरते, आणि फूल आफ्रिकन व्हायोलेटचे असेल तर त्या खिडकीचा निम्मा कठडादेखील. या झाडाचे असंख्य वाण हौशी माणसांच्या राहत्या घरांत निपजले, ते यामुळेच. नावाने हे व्हायोलेट असले तरी खऱ्या व्हायोलेटशी त्याचे काही नाते नाही. त्याचे कूळ जेस्नेरिएसी. त्याच कुळातली काही लहानगी झाडे पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या, सावलीतल्या कातळांवरही फुलतात. पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, उसाम्बारा पर्वताच्या दमट अरण्यात वाल्टर फोन सेंट पॉल या जर्मन अधिकाऱ्याला हे झाड १८९२ साली आढळले. त्याने ते आपल्या वडिलांकडे धाडले, वडिलांनी हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन उद्यानातील हेर्मान वेंडलांड यांच्या हाती दिले, आणि वेंडलांड यांनी १८९३ साली त्या बापलेकांच्या आडनावावरून त्याच्या प्रजातीला ‘सेंटपॉलिया’ असे नाव दिले. अरण्यात ते झाड कोण जाणे किती सहस्र वर्षे फुलत होते. त्याला नाव मिळाले ते टपालातून आल्यावर.

१९२६ साली लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट आणि रॉयस्टन या रोपवाटिकेने जर्मनी व इंग्लंडमधून बी मागवून रोपे केली आणि त्यांतून निवडलेले दहा वाण बाजारात आणले. त्यांतल्या ‘ब्लू बॉय’चे वंशज आज जगाच्या खिडक्याखिडक्यांतून आहेत. त्या दहांची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. बाकीच्या रोपांविषयी कोणी काही लिहीत नाही. वास्तविक पैदास करणाऱ्याचे बहुतेक आयुष्य त्या बाकीच्यांतच जाते.

पिंजौरसारख्या ठिकाणी हा छंद धरणे म्हणजे ऋतूंशी तंटा मांडणे होय. या झाडाला अठरा ते पंचवीस अंशांच्या आसपासची मऊ हवा मानवते. येथे ज्येष्ठात पारा चाळिशी ओलांडतो आणि पौषात डोंगरावरून उतरणारी थंडी काचेला भिडते. उन्हाळ्यात कुंड्या घरातल्या सर्वांत गार खोलीत न्याव्या लागतात, हिवाळ्यात त्या रात्री काचेपासून दूर सरकवाव्या लागतात. पानांवर गार पाणी पडले तर फिकट डाग उमटतात आणि ते पुन्हा जात नाहीत. ज्याला या झाडाचा नवा वाण करावयाचा आहे त्याने आधी जुना वाण जगवून दाखवावा, असा हा प्रदेश.

तरीही समजा, कोणी ते करू म्हटले. आणि तेही आटोपशीर झाडाचे. ‘आटोपशीर’ हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. लघु, बुटका, ठेंगणा हे शब्द केवळ माप सांगतात. आटोपशीर या शब्दात मापाखेरीज मांडणीही आहे. ज्या घरात काही पसरलेले नाही आणि काही उणेही नाही त्याला मराठी माणूस आटोपशीर म्हणतो. अमेरिकेतील आफ्रिकन व्हायोलेट मंडळाच्या पद्धतीत सहा इंचांपर्यंतच्या पसाऱ्याचे झाड सर्वांत लहान वर्गात मोडते. परंतु सहा इंचांत मावणारे प्रत्येक झाड पाहवेल असे नसते. देठ आखूड हवेत, पाने एकमेकांवर कौलांसारखी बसून चक्र पुरे झाले पाहिजे, आणि फुलांचे दांडे मात्र असे हवेत की फूल पानांच्या वर येऊन उभे राहील. पाने लहान झाली आणि फूल त्यांच्याखाली दडले, असे दहांपैकी कित्येक रोपांत घडते. लहानपणा आणि डौल या दोन गोष्टी एकाच रोपात क्वचित उतरतात.

प्रत्यक्ष संकराचे काम मोठे नाही. फुलाच्या मध्यभागी दोन पिवळे परागकोश असतात. ते आपले पराग सहजी सोडीत नाहीत. अरण्यात विशिष्ट मधमाश्या गुणगुणून त्यांना कंप देतात तेव्हा पराग झडतो. खिडकीत ती माशी नाही, म्हणून तिचे काम माणसाने करावयाचे. एका झाडाचा परागकोश बारीक कात्रीने कापून त्यातली भुकटी नखावर झाडून घ्यावयाची आणि दुसऱ्या झाडाच्या फुलातील कुक्षीच्या टोकाला लावावयाची. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो असे म्हणतात. या कुंड्या एकमेकींशेजारी वर्षानुवर्षे ठेवल्या तरी त्यांना एकीचा वाणही लागत नाही आणि दुसरीचा गुणही. संकर साधला तर पाकळ्या गळून बीजकोश फुगू लागतो आणि तो पक्व होण्यास चार-सहा महिने लागतात. बी धुळीसारखे, ते मातीत पुरावयाचे नाही, वर भुरभुरावयाचे, कारण रुजण्यासाठी त्याला उजेड हवा. दोन-तीन आठवड्यांनी तबकावर हिरवी बुरशी चढावी तसे कोंब दिसतात. पहिले फूल येईतो बहुधा आणखी वर्ष सरते. आणि फूल आले म्हणजे कळते की एकाच कोशातून निघालेली भावंडे एकमेकांसारखी नाहीत. आईबाप दोघेही आधीच कित्येक संकरांची संतती असल्याने घराण्याचे जुने हिशेब नातवंडांत बाहेर पडतात.

येथून खरे काम सुरू होते, आणि ते टाकून देण्याचे आहे. शंभर रोपांतली नव्वद-पंचाण्णव टाकावी लागतात. ती रोगट नसतात. टवटवीत असतात, फुललेली असतात, कोणाच्याही घरी शोभली असती. फक्त ती नवी नसतात. ज्याचा हात येथे अडतो त्याचे घर कुंड्यांनी भरून जाते आणि वाण होत नाही. राहिलेल्या पाचांतही एक फसवे असते. प्रकाश फार मिळाला तरी झाडाचा गाभा आवळतो, पाने आखडतात, आणि पाहणाऱ्यास वाटते की हवा होता तो आटोपशीरपणा आला. तो रक्तातला नसतो, परिस्थितीचा असतो. म्हणून त्याचे पान देठासह खुडून ओल्या रेतीत लावावयाचे, त्याला येणारी पिल्ले बेताच्या उजेडात वाढवावयाची, त्यांचीही पाने पुन्हा लावावयाची. पिढ्यानुपिढ्या गुण तसाच उतरला तर तो त्या झाडाचा. नाहीतर तो उन्हाचा. निवड करणाऱ्याला डोळा हवा असे सारेच म्हणतात. डोळ्याइतकाच आपल्या डोळ्यावरचा अविश्वासही त्याला हवा.

तोवर रोपाला नाव नसते, क्रमांक असतो. मराठीत ‘वाण’ या शब्दाचा पसारा मोठा आहे. वर्ण म्हणजे रंग, तोही वाण. पिकाची जात, तीही वाण. संक्रांतीला सुवासिनी लुटतात तेही वाण. आणि वाण पडणे म्हणजे उणीव भासणे. रंगरूप, जात, देणगी आणि उणेपणा असे चारही अर्थ एका शब्दाने वाहिले आहेत. या चारही अर्थांची गाठ एका माणसाच्या आयुष्यात कशी पडली, ते सांगण्यास पिंजौरच्याच एका दुसऱ्या नावाकडे वळावे लागते.

पिंजौरचे नाव बागेखालोखाल ज्यामुळे देशभर झाले तो एच.एम.टी.चा कारखाना. हिंदुस्थान मशीन टूल्सने येथे १९६३ साली यंत्रे घडविणारा कारखाना उभारला. १९७१ पासून झेकोस्लोव्हाकियातील झेटर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टरही निघू लागले. त्या तीन अक्षरांना घरोघर पोहोचविले मात्र घड्याळांनी. ती पिंजौरची नव्हती. १९६१ पासून बंगलोरला जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने ती होऊ लागली होती. लग्नात जावयाच्या मनगटावर एच.एम.टी. असणे ही त्या काळी प्रतिष्ठेची गोष्ट होती.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातील नांदेडशी त्याचा संबंध नाही. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होते. शाळा तिसरीपर्यंत झालेली. १९८३ साली ‘पटेल ३’ या भाताच्या आपल्या शेतात त्यांना काही लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक होता, रंग निराळा होता. त्यांनी त्या काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध लहानशा तुकड्यात ते बी लावले आणि भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण केले, कारण जंगल जवळ होते आणि रानडुकरे येत. निवडून ठेवावयाचे, पुन्हा पेरावयाचे, पुन्हा निवडावयाचे, असे पुढील चार-पाच वर्षे चालले. व्हायोलेटचे पान रेतीत लावून जो प्रश्न विचारावयाचा तोच प्रश्न ते चिखलातल्या चौकोनाला विचारीत होते: हा वेगळेपणा त्या झाडाचा आहे, की त्या वर्षीच्या पावसाचा? खिडकीतल्या हौशी माणसाचे उत्तर चुकले तर त्याचा वेळ जातो. येथे दीड-दोन एकरांतला कोपरा अडकलेला होता, म्हणजे घरचे खाणे.

उत्तर बरोबर आले. तांदूळ बारीक, शिजल्यावर चवीचा, उत्पन्न चांगले. बाजारात नेला तेव्हा त्याला नाव नव्हते. व्यापाऱ्याने त्या काळी जे नाव चांगल्या मालाची खूण होते तेच दिले: एच.एम.टी. खोब्रागडे यांच्या तांदळावर घड्याळाचे नाव बसले, आणि पाहतापाहता तो तांदूळ विदर्भ ओलांडून शेजारच्या राज्यांतही गेला. बियाणे ज्याने मागितले त्याला ते देत गेले. हे त्यांचे वाण लुटणे होते.

१९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून प्रयोगासाठी बी नेले. १९९८ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘पी.के.व्ही. एच.एम.टी.’ हा वाण प्रसृत झाला. बियाण्याचे शुद्धीकरण आपण केले, अशी विद्यापीठाची बाजू होती, आणि शुद्धीकरण हे खरोखरच कष्टाचे काम आहे. ते कोणी क्षुल्लक मानू नये. पण शुद्ध करावयास काही असावे लागते, आणि ते ज्याने पाहिले त्याचे नाव त्या तीन अधिक तीन अक्षरांत कोठेच नव्हते. वाद झाला, वृत्तपत्रांत आला. शेतकऱ्याने केलेल्या वाणाची नोंद त्याच्या नावे करण्याची सोय करणारा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला, तोवर एच.एम.टी. तांदूळ लक्षावधी ताटांत पडून गेला होता. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खोब्रागडे यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरची वर्षे आजारपणात आणि ओढगस्तीत गेली.

एच.एम.टी.नंतरही त्यांनी अनेक वाण केले. एकाला गावाचे नाव जोडून ‘नांदेड हिरा’ म्हटले. आणि एक वाण असा आहे की त्याच्या नावात पहिल्याने त्यांची स्वतःची आद्याक्षरे आली: डी.आर.के. ही अक्षरे वाचणाऱ्यास ती एखाद्या कंपनीची वाटावीत अशी आहेत, आणि विकत घेणाऱ्या बहुतेकांस ती तशीच वाटत असणार. माणसाने स्वतःचे नाव झाडावर लिहावयाचे ठरविले, तेही कारखान्याच्या लिपीत लिहिले. बाजार त्याच लिपीत वाचतो, हे त्यांना एकदा कळले होते.

नावांची पुढची हकीकत थोडक्यात अशी. २०१५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी जनुकीय पुराव्याच्या आधारे सेंटपॉलिया ही स्वतंत्र प्रजाती मोडून ती स्ट्रेप्टोकार्पसमध्ये समाविष्ट केली. बापलेकांचे आडनाव आता एका उपविभागापुरते उरले आहे. उसाम्बाराचे अरण्यही आक्रसत गेले आहे, आणि ज्या झाडाचे हजारो वाण खिडक्यांत सुखाने नांदतात त्याच्या काही रानटी जाती मूळ घरी संकटात आहेत. २०१६ साली एच.एम.टी.ची घड्याळे बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी पिंजौरचा ट्रॅक्टर विभागही. त्या तीन अक्षरांची जुनी घड्याळे आज शौकीन लोक शोधून जमवितात. त्याच अक्षरांचा तांदूळ मात्र किराणा दुकानात पोत्यावर अजून लिहिलेला असतो, आणि दुकानदारास ती अक्षरे कोठून आली हे विचारले तर तो भाव सांगतो.

पिंजौरच्या त्या खिडकीतल्या तबकात खुडलेले पान रेतीत उभे केले की त्याशेजारी एक पट्टी खोचावी लागते. तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहावयाचे, कारण शाई पाण्याने आणि उन्हाने उडून जाते, शिसे टिकते. आईचे नाव, बापाचे नाव, साल आणि क्रमांक. नावाची जागा कोरी ठेवतात.