अडीच मीटर पॉपलीन

दोस्तांनो, शर्टावर काय लिहायचंय, असं तुम्ही म्हणाल. तिकडं माणसं मरतायत आणि हा कॉलर मोजत बसलाय. म्हणा. मी लिहिणारच.

मी टाकवे बुद्रुकचा. कान्ह्याला लोकलमधून उतरायचं, इंद्रायणी ओलांडायची, की आमचं अंदर मावळ लागतं. भाताच्या गिरणीत कामाला आहे. पोती उचलायची, तूस उपसायचं. कोंडा अंगावर असा बसतो की संध्याकाळी माझा रंग कुठला आणि कापडाचा कुठला, कळत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट लागतो. लागतोच. (कवी झालं की झब्बा घालावा म्हणतात. झब्ब्यातल्या कवींना माझा जयभीम, पण झब्ब्याला ताठ कॉलर नसते.)

गेल्या वर्षी गिरणीच्या शेठचा म्हातारा वारला. तेरावं झालं आणि शेठनं मला हाक मारली. हातात पिशवी दिली. "बाबांचे आहेत. तुझ्या अंगाला होतील. घाल."

आत तीन शर्ट. पांढरे, सुती, घट्ट विणीचे. सरळ कॉलर, डाव्या छातीवर एकच खिसा, शिंपल्याची बटणं. असला शर्ट मी आजवर फोटोतच पाहिलेला. नको म्हणायला जीभ उचलली नाही. उलट "बरं शेठ" म्हणालो. ते "बरं शेठ" अजून घशात आहे.

घरी आई म्हणाली, "धुतलं की कापड कापडच. चांगलं हाय, घाल." आजीनं मात्र हात लावला नाही. ती बोलली एवढंच, "माझा बा मढ्यावरचं कापड आणायचा. आमचा हक्क व्हता म्हनं त्यो. त्याचीच बंडी शिवायची माय. मला अजून वास येतो."

हक्क! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय, चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं घालावीत. हे पुस्तक महाडला जाळलं 25 डिसेंबर 1927 ला. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, लुगडं नीट पायघोळ नेसा, जातीची ओळख सांगणारे दागिने टाकून द्या. पुढच्याच साली, 1928 मध्ये, इंदूरकडच्या गावांत सवर्णांनी बलाई जातीवर हुकूम काढला, जरीकाठाचं पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बाबासाहेबांनी ही हकिगत 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये दिलीय. नव्या कपड्यातला आपला माणूस त्यांना सोसत नाही. जुना कपडा मात्र ते स्वतः होऊन आणून देतात.

माझा आजा मुंबईच्या कापड गिरणीत होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, दोन-अडीच लाख कामगार बाहेर आले, त्यात आजाही. संप मोडला आणि तो वळकटी घेऊन गावी आला तो कायमचाच. तो सांगायचा, आपल्या आधीच्या माणसांना साचेखात्यात घेत नव्हते. का? कांडी बदलताना धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यायला लागायचं. महाराचं तोंड लागलेलं सूत दुसरा कसा ओढणार? साच्यावर पगार जास्त, म्हणून ते बाटणं बरोबर पगाराच्याच ठिकाणी आडवं यायचं. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न उघड मांडला होता. म्हणजे सूत आम्ही कातायचं, विणायचं त्यांनी आणि जीर्ण झालं की पुन्हा आम्ही घालायचं.

रात्रभर झोप नाही. सकाळी ब्लेड घेतलं आणि तिन्हीतला एक शर्ट उसवायला बसलो.

रागानंच सुरुवात केली, खोटं कशाला सांगू. पण उसवता उसवता हात सावकाश चालायला लागला. कॉलरच्या दोन पदरांत बकरम. त्याच्यावरच कॉलरीचा ताठा. तिऱ्याला, म्हणजे खांद्यामागं, दुहेरी कापड. बाहीचा मुंढा पुढून जरा जास्त खोल कापलेला. काज हातानं भरलेलं. पट्टी नाकासारखी सरळ. कुणीतरी मास्तरानं जीव लावून शिवलेलं होतं हे.

सगळे तुकडे कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवून घेतले.

पगार झाला तसं वडगावला जाऊन 36 इंची पन्ह्याचं अडीच मीटर पॉपलीन घेतलं. रात्रभर पाण्यात घातलं, कारण सुती कापड आटतं. मग टाकव्याच्या मास्तरकडं कागद घेऊन गेलो. "माप कुणाचं?" "माझं." त्यानं टेप लावून खात्री केली. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर, बाही मनगटाच्या हाडापर्यंत, वरचं बटण लावल्यावर गळ्यात दोन बोटं जातील एवढी कॉलर. पोरांनो, रेडिमेड घेताना एवढं तरी बघत जा. छापील घोषणेचे आखूड शर्ट घालून मोर्च्यात येता, हात वर केला की बेंबी दिसते! आणि खिसा पेन मावेल एवढा खोल हवा. आपल्याला खिशाचं दुसरं काम नाही.

25 डिसेंबरला तो शर्ट घालून देहूरोडला निघालो. तिथं 1954 साली याच तारखेला बाबासाहेबांच्या हातानं बुद्धमूर्ती बसवली. कान्ह्याच्या फलाटावर शेठ भेटला. वरून खाली बघितलं. खूष झाला.

"बाबांचा शर्ट झकास बसलाय रे तुला."

मी म्हणालो, "शेठ, हा माझा हाय. अडीच मीटर पॉपलीन, पैसे माझे, मास्तरला इचारा."

तो हसला. "कट तर तोच दिसतोय."

खरं होतं. कट तोच होता. लोकल आली, मी चढलो. देहूरोड येईपर्यंत उत्तर शोधत होतो, सापडलं नाही. वंदनेला बसलो तेव्हा पुढच्या रांगेतले सगळे शर्ट पांढरेच होते आणि मी नुसत्या कॉलरी बघत होतो.

उरलेले दोन शर्ट ट्रंकेत आहेत. आई अधूनमधून उन्हाला टाकते, आजी उचलून आत नेऊन ठेवायला सांगते.