सह्याद्रीचा पाठ आणि मामाचा ऊस

मागच्या महिन्यात चौथीला सह्याद्री शिकवत होते. फळ्यावर नकाशा काढला. गवा, शेकरू, बिबट्या, धनेश अशी नावं लिहिली आणि दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "वन्यप्राणी आपले मित्र आहेत."

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "मॅडम, गवा मित्र कसा हो? माझ्या मामाचा ऊस तुडवून टाकलाय त्यानं!"

तिचं आजोळ आजऱ्याकडं. वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही, कारण तिचं खरंच होतं. आजरा-चंदगडकडं लोक रात्री माळ्यावर बसून डबे वाजवतात. गव्यांचं जुनंच, आता गेल्या वीसेक वर्षांत कर्नाटकातून आलेल्या हत्तींची भर. त्या घरातल्या लेकराला 'मित्र' लिहायला लावायचं, म्हणजे खोटं लिहायला शिकवायचं.

पुस्तक मिटलं आणि मुलांना बाहेर नेलं. शाळेचं कौलारू छप्पर दाखवलं. मधलं आढं म्हणजे सह्याद्री. पाऊस आढ्यावर पडतो आणि दोन्ही पाखांवरून खाली येतो. पश्चिमेची पाख एकदम उभी, कोकणात कोसळणारी. आपली पूर्वेची पाख लांब आणि उतरती. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून समुद्र पन्नासेक किलोमीटरवर, तरी तिथली हिरण्यकेशी तिकडं पाठ फिरवून आजरा, गडहिंग्लजकडं येते. आपल्या भागातली घटप्रभाही त्याच डोंगरातली. दोघी पुढं कर्नाटकात भेटतात, कृष्णेला मिळतात आणि पाणी थेट बंगालच्या उपसागरात! हे ऐकून पोरांचे डोळे मोठे झाले. "म्हणजे मामाच्या उसाला पाणी सह्याद्रीचंच?" त्याच मुलीनं विचारलं. हो, त्याच रानातून झिरपलेलं.

मग गव्याकडं वळलो. आपण गवारेडा म्हणतो, पण तो रेडा नव्हे, रानातला गोवंश. नर हजार किलोपर्यंत भरतो, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. खातो काय? गवत, पाला, बांबूचे कोंब. इथं मी विचारलं, ऊस ही कशाची जात? कुणालाच येईना. ऊस ही गवताचीच जात. उन्हाळ्यात रानातलं गवत वाळतं, पाणी आटतं आणि रानाला लागून उभं असतं हिरवंगार, गोड, पुरुषभर उंच गवत. बांध कुठला, सातबारा कुणाचा, गव्याला काय कळणार?

हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडातल्या माशाचंही सांगितलं. शिस्टुरा हिरण्यकेशी हे त्याचं नाव. अगदी छोटा मासा, पण त्याच्यासाठी २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मुलांना हत्तीपेक्षा हा मासाच जास्त आवडला, का कोण जाणे.

घरच्या अभ्यासाला निबंध दिला नाही. एवढंच सांगितलं, घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांनी कोणता रानप्राणी कुठं पाहिला आणि तेव्हा काय केलं. तुमच्या वर्गात करून बघा. आमच्याकडं चोवीस वह्यांत सतरा प्राणी आले, त्यांतले चार मला माहीत नव्हते.

त्या मुलीनं मामाला फोन करून विचारलं होतं. वहीत लिहिलं होतं, "गवा चोर नाही. त्याला भूक लागती. पण मामानं काय करायचं?"

वनखात्याकडं पंचनामा होतो, भरपाई मिळते, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते मामाला माहीत हाय मॅडम. रात्री काय करायचं, ते विचारलंय."

वही अजून माझ्याच टेबलावर आहे.